धुरी

(दृश्य: पहाटेचा अंधार. शेगडीतले निखारे. वरून ओवा पडतो, तडतडतो. धूर. हात दिसतात, चेहरा नाही.)

बाळाची आंघोळ उरकली की आमच्या घरी शेगडी पुढे यायची. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, चिमूटभर ऊद. धूर वर आला की टॉवेलात गुंडाळलेलं बाळ दोन्ही हातांवर आडवं धरायचं आणि त्यावरून अलगद फिरवायचं. बाळ ठसकलं तर आजी म्हणायची, "ठसकू दे गं, कफ सुटतोय."

नाशिकला पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात मीही अशी धुरीवरून गेलेय. माझी धाकटी बहीणही गेलीय. आणि मागच्या डिसेंबरात, बाळंतपणाला ती माहेरी आलेली असताना, तिचा तीन महिन्यांचा मुलगा.

त्याला आधी नुसती सर्दी झाली. मग खोकला. चौथ्या दिवशी तो दूध ओढता ओढता मध्येच तोंड सोडून द्यायला लागला. आईनं त्याचं झबलं वर केलं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाली, "ह्याचं पोट उडतंय."

(दृश्य: रिक्षातून दिसणारा रात्रीचा रस्ता. दिव्यांभोवती धुरकट वलयं.)

बालरोगतज्ज्ञ बाईंनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी घड्याळ बघितलं. बाळाचे कपडे सैल करून पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीकडे बघत राहिल्या. अडुसष्ट श्वास. या वयाला पन्नास किंवा त्याहून जास्त भरले की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा असतो. शिवाय श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. त्याला लगेच ऑक्सिजन लावला, दाखल करून घेतलं. आणि मग केसपेपर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात धूर कशाकशाचा होतो?"

आम्ही म्हटलं, कुठे काय, सिगारेट तर कुणीच ओढत नाही.

बाई पेन हातात धरून थांबल्याच. मग आईनं बोटं मोजायला सुरुवात केली. सकाळची धुरी. दोन वेळची उदबत्ती. रात्री डासांची कॉइल. आंघोळीच्या पाण्याचा बंब, तो लाकडांवरचा, कारण गिझरच्या पाण्यानं बाबांना आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. मागच्या गल्लीत झाडलोट झाली की पेटणारा पालापाचोळा. समोरच्या रस्त्याचं खोदकाम धरायचं का, असं तिनं विचारलं. तेही धरा, असं उत्तर आलं.

त्या एका प्रश्नापासून ही फिल्म सुरू झाली.

(दृश्य: दवाखान्याची खिडकी. उजळत जाणारं आकाश, राखाडी.)

न्यूमोनिया हवेतल्या धुरानं होत नाही. तो जंतूंनी होतो. न्यूमोकॉकस हा त्यातला सगळ्यांत कुप्रसिद्ध जीवाणू. हिमोफिलस हा आणखी एक जीवाणू, आरएसव्ही आणि फ्लू हे विषाणू, क्वचित बुरशी, अशी ही मंडळी. फुप्फुसात द्राक्षांच्या घडासारखे लटकलेले कोट्यवधी वायुकोश असतात. नाशिककराला घड समजावून सांगायची गरज नाही. प्रत्येक मणी हवेनं भरलेला, भोवती रक्तवाहिन्यांची बारीक जाळी. जंतू तिथवर पोचले की मण्यांत हवेऐवजी पाणी आणि पू साचतो. श्वास घेतला तरी ऑक्सिजन रक्तात उतरत नाही.

पण यातले बरेच जंतू आधीपासूनच आपल्या नाकाघशात मुक्कामाला असतात. धडधाकट मुलांच्या नाकातही न्यूमोकॉकस सर्रास सापडतो आणि बहुतेकदा काहीही करत नाही. खरा प्रश्न हा की नाकात गप्प बसलेला जंतू फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतो कसा. धूर शिरतो तो या वाटेवर.

श्वासनलिकेला आतून चिकट पाण्याचा एक थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांची शेतं. वाऱ्यावर गव्हाचं रान डोलावं तसे हे केस अखंड वर लाटा मारत राहतात. धूळ, जंतू, जे काही चिकटेल ते घशाकडे ढकललं जातं. ते आपण नकळत गिळून टाकतो आणि पोटातलं आम्ल पुढचं बघतं. धुरानं ह्या केसांची लय बिघडते आणि चिकटा घट्ट होतो. वर जायचं ते जागच्या जागी तुंबतं.

त्यातूनही कुणी खाली उतरलं, तर वायुकोशांत भक्षक पेशी गस्त घालत असतात. जंतू दिसला की गिळायचा, एवढंच त्यांचं काम. चुलीच्या धुरात राहणाऱ्या माणसांच्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्यांच्या पोटात काळे ठिपके दिसतात. तो कार्बन. काजळीनं पोट भरलेली पेशी जंतू गिळायला मंदावते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत अस्वस्थ करून गेली. श्वासनलिकेच्या पेशींवर काही कड्या असतात, ज्यांना धरून न्यूमोकॉकस पेशीला चिकटतो. प्रदूषणाचे कण पडले की पेशी अशा कड्या वाढवतात. जंतूला पकडायला जास्त खुंट्या मिळतात. आणि ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की काजळी खुद्द जंतूंनाही बदलते. न्यूमोकॉकस एकमेकांना धरून जो चिकट थर बांधतो, त्याची ठेवण काजळीमुळे बदलली, काही प्रतिजैविकांपुढे तो जास्त टिकला, आणि उंदरांमध्ये तो नाकातून खाली फुप्फुसात पसरला. म्हणजे एकाच धुरानं राखणदार मंद झाला, भिंतीला खुंट्या फुटल्या आणि चोरही धीट झाला.

म्हणून एकाच जंतूची बाधा झालेली दोन मुलं. एकाला आठवडाभर शेंबूड. दुसऱ्याला ऑक्सिजन. फरक पडायला कारणं पुष्कळ असतात, वजन कमी असणं, अंगावरचं दूध न मिळणं, लस चुकणं. हवा त्यातलंच एक. पण दर मिनिटाला चाळीस वेळा आत जाणारं.

(दृश्य: ऑक्सिजनच्या बाटलीतून उठणारे बुडबुडे. बाळाची मूठ.)

तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं चालतो. वजनाच्या मानानं ते कितीतरी जास्त हवा आत घेतं. त्याचे वायुकोश जन्मानंतरही तयार होत असतात. आणि घरातल्या धुराच्या वेळी ते असतं कुठे? आईच्या कडेवर, नाहीतर चुलीशेजारच्या झोळीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं गेली. त्या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी १४ टक्के. या वयातल्या न्यूमोनियाच्या मृत्यूंपैकी ४४ टक्क्यांचा संबंध ही संघटना घरातल्या धुराशी जोडते. आणि धुराच्या घरात मुलाला फुप्फुसाचा संसर्ग होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असंही सांगते. मोठी माणसं सुटत नाहीत. प्रौढांच्या न्यूमोनियाच्या मृत्यूंपैकी २२ टक्क्यांमागे हाच घरातला धूर आहे.

(दृश्य: पेठ रोड. सकाळी सात. टोपल्या, घमेली, कडेवर मुलं.)

पेठ, सुरगाणा, हरसूलकडून माणसं कामाला नाशकात उतरतात. कुणी बांधकामावर, कुणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. मुक्काम पत्र्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या झोपडीत. तीन दगडांची चूल, ओली-सुकी जी मिळतील ती लाकडं, आणि पावसात झोपडीच्या आतच भाजली जाणारी नागलीची भाकर. गॅसची टाकी गावाकडच्या घरी आहे, असं आम्हाला तिथल्या एका आईनं सांगितलं. "ती इथं कशी आणणार, ताई? आणि भरायची तर एकदम पैसे लागतात. लाकूड रोजचं रोज मिळतं."

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि गॅसची जोडणी खेड्यापाड्यांत पोचली, हे खरंच मोठं काम झालं. पण जोडणी गावच्या पत्त्यावर असते आणि माणसं वर्षातले सहा महिने पत्त्यावर नसतात. एका बाईचं वाक्य आम्ही काटछाट न करता ठेवलंय: "धूर तर आमच्या डोळ्यांचा झालाय. पोराचं कोण बघतं?"

(दृश्य: निफाड तालुका. मध्यरात्र. बागेच्या कडेनं पेटलेल्या शेकोट्या. ओळींवरून सरपटणारा धूर.)

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जायची भीती. मग बागाईतदार रात्रभर शेकोट्या करून धूर धरतात, पहाटे बागेला पाणी देतात. वर्षाची कमाई त्या एका रात्रीवर टांगलेली असते, त्यामुळे त्यांना नावं ठेवायला मी इथं उभी नाही. मात्र धूर बागेवर का टिकतो, ते ऐकण्यासारखं आहे. थंडीच्या रात्री जमीन आधी गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, आणि वर ऊबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. खालचा धूर वर निसटत नाही. शेतकऱ्याला हेच हवं असतं.

तेच झाकण त्याच रात्री नाशिक शहरावरही असतं. द्वारका चौकातल्या गाड्यांचा धूर, आग्रा रोडचे ट्रक, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी, कचऱ्याच्या ढिगांवर पेटवलेलं काहीबाही, सगळं त्याच्याखाली साचतं. डिसेंबर-जानेवारीत सर्दी-खोकल्याच्या विषाणूंनाही बहर असतो. हवा सगळ्यांत घाण आणि विषाणू सगळ्यांत जास्त, असे ते दोन महिने.

आणि आता भर पडलीय ती सिंहस्थाच्या तयारीची. २०२७ च्या पर्वण्यांसाठी रस्ते, पूल, घाट सगळीकडे खोदलेलं. इथं मात्र एक बारकावा सांगायला हवा, कारण गल्लोगल्ली लोक धुळीलाच दोष देतात. खोदकामाची धूळ बरीचशी जाड. नाकात, घशात अडकते, खोकला आणते, त्रास देते, तरी तिचा मोठा भाग वायुकोशांपर्यंत पोचत नाही. जळण्यातून निघणारे कण त्याहून कितीतरी बारीक. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास. ते थेट मण्यापर्यंत जातात. कपड्यांवर दिसते ती धूळ. दिसत नाही ते जास्त खोल.

(दृश्य: मोबाइलवर हवेचा निर्देशांक. आकडे बदलतात.)

गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी, अंबड इथं हवा मोजणारी यंत्रं आहेत. २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात नाशिक आहे. हवेचे राष्ट्रीय निकष न पाळता आल्यामुळे त्या यादीत आलेलं. आपल्याकडे बारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. निर्देशांकाचा हिरवा रंग बघून आपण निश्चिंत होतो, तेव्हा तो कोणत्या पट्टीनं रंगवलाय, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

बाहेरची हवा आणि मुलांचा न्यूमोनिया यांचा संबंध दाखवणारा मला सापडलेला सगळ्यांत साधा पुरावा अमेरिकेतल्या युटा राज्यातला आहे. डोंगरांनी वेढलेलं एक खोरं, हिवाळ्यात तेच झाकण, आणि खोऱ्यात एक पोलाद कारखाना. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कामगारांच्या वादातून कारखाना बंद पडला आणि तेरा महिन्यांनी पुन्हा चालू झाला. आर्डेन पोप नावाच्या संशोधकानं फक्त एवढंच केलं, रुग्णालयांच्या नोंदी काढून बघितल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्रॉन्कायटिस, दमा, न्यूमोनिया यांसाठी दाखल होणारी मुलं बंदच्या हिवाळ्यापेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त होती. १९८९ मध्ये हे छापून आलं. खोरं तेच, थंडी तीच, दवाखाने तेच. चिमणी तेवढी थंड होती.

त्याच राज्यात पुढे मोठ्या माणसांच्या न्यूमोनियाचाही अभ्यास झाला. हवेत बारीक कण वाढले की पासष्टीपुढच्या लोकांचे न्यूमोनिया वाढलेले आणि जास्त गंभीर दिसले. आमच्या वाड्यात पहाटे गोदाकाठी फिरायला जाणारे तीन आजोबा आहेत. पहाटेची हवा शुद्ध, ही त्यांची ठाम समजूत. हिवाळ्यात झाकण सगळ्यांत घट्ट बसलेलं असतं, ते पहाटेच. त्यांना हे सांगितल्यावर एक म्हणाले, "मग जायचं कधी, दुपारी? रामकुंडावर पाय भाजतात." उन्हं वर आल्यावर जा, एवढंच मी म्हटलं. अजून पहाटेच जातात.

(दृश्य: सुधारित चूल. धुराडं. समांतर, गॅसची निळी ज्योत.)

आता अडचणीचा भाग. हे वगळून फिल्म गोड करता आली असती.

धूर कमी केला की न्यूमोनिया कमी होतो का, याच्या नीट चाचण्या झाल्या आहेत. ग्वाटेमालाच्या डोंगरी गावांत कर्क स्मिथ यांच्या चमूनं काही घरांना धुराड्याची चूल दिली, काहींना उघडी चूलच ठेवली. हे तेच स्मिथ, ज्यांनी १९८० च्या दशकात गुजरातच्या खेड्यांत जाऊन चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या वाट्याला येणारा धूर मोजला होता. २०११ मध्ये निकाल आला. एकूण न्यूमोनियात ठोस म्हणावा असा फरक नव्हता. पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं कमी. म्हणजे मुलं आजारी पडत राहिली, पण ऑक्सिजनपर्यंत जाणारी कमी झाली.

मग चार देशांत मोठी चाचणी झाली, आपल्याकडे तमिळनाडूत. गरोदरपणापासूनच घरात गॅस दिला. २०२४ मध्ये निकाल. घरातला धूर खूप उतरला, पण बाळांच्या गंभीर न्यूमोनियात फरक दिसला नाही.

हे वाचून मी दोन दिवस फिल्मचं काम बंद ठेवलं होतं. मग आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "एक घर गॅसवर गेलं, शेजारची दहा चुलीवर. गल्लीतला कचरा जळतोच. धूर कमी झाला म्हणजे किती कमी झाला, ते बघा." गॅसच्या घरांतही बारीक कण त्या ५ च्या मर्यादेच्या बरेच वर राहिले होते. शिवाय लसी आल्या, दवाखाने जवळ आले, त्यामुळे गंभीर न्यूमोनियाच मुळात घटत चालला होता, हाही एक अंदाज आहे. माझं मत विचाराल तर हवा ही एका घराची नसते, तिला भिंत नाही. एकट्या घराच्या गॅसनं अख्ख्या वस्तीची हवा बदलेल, ही अपेक्षाच आपण भाबडेपणानं धरली.

(दृश्य: लसीकरण केंद्र. रांगेत आया. कुणीतरी झोळी हलवतंय.)

बहिणीच्या बाळाला सहाव्या आठवड्याला न्यूमोकॉकसची लस मिळाली होती. दुसरा डोस चौदाव्या आठवड्याला असतो, तिसरा नवव्या महिन्यात. तो अजून दुसऱ्यापर्यंत पोचलाच नव्हता. ही लस सरकारी लसीकरणात २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत आली आणि २०२१ पासून देशभर. पुण्यात बनलेली लस आल्यावर ती परवडू लागली. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी गेल्या काही वर्षांत झालेल्या सगळ्यांत मोठ्या गोष्टींपैकी ही एक. तिच्यासाठी ना बॅनर लागले, ना ढोल वाजले.

आणि ती श्वास मोजण्याची रीत. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्याच माणसांना, दायांना, बाळांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्यांना मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मणी सरकवायचं साधं यंत्र केलं. न्यूमोनियानं होणारे मृत्यू घटले आणि १९९० मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. एक मिनिट आणि उघडी छाती.

(दृश्य: वाड्याचं अंगण. दुपारचं ऊन.)

बाळ पाचव्या दिवशी घरी आलं. बाबांनी गिझर लावून घेतला. आठवडाभर रोज तक्रार केली, मग विसरले. कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली. गल्लीतला पाला अजून जळतो. आम्ही दोनदा महापालिकेच्या ॲपवर फोटो टाकले, तिसऱ्यांदा झाडणाऱ्या मावशींशी बोललो. त्यांनी विचारलं, "मग एवढा पाला टाकू कुठं? गाडी येत नाही." याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

राहिली आई. तिला धुरीबद्दल सांगायचं कुणी, यावर मी आणि बहिणीनं चिठ्ठ्याच टाकायच्या बाकी ठेवल्या होत्या. तिची आजी, तिची आई, दोघींनी याच शेगडीवर मुलं वाढवली. शेवटी बाईंनी फोनवरच सांगितलं. आई ऐकत राहिली, हो हो म्हणाली, फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली. शेगडी आली नाही. आईनं तव्यावर ओवा कोरडाच गरम केला, जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली, स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि पाळण्याच्या कोपऱ्याला, बाळाच्या हाताला लागणार नाही अशी, दोऱ्यानं अडकवली.

"वास तरी घेऊ दे त्याला," ती म्हणाली. "धूर नाही ना ह्याला?"

बहिणीनं मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि झबलं वर केलं.

बेचाळीस.